आक्काला सांगितलेली लेक्चरं

मानसिंगच्या घरात बारावीपर्यंत पोचलेली पहिली पोरगी म्हणजे त्याच्या लगेच आधीची बहीण. तिच्या आधी दोन मुली झाल्या होत्या, म्हणून तिसरीचं नाव नकोशी ठेवलं. दोन वर्षांनी मानसिंग जन्मला तेव्हा नाव लागू पडलं म्हणून गावात, वरकुट्यात, पेढे वाटले. हे नकोशीला माहीत होतं आणि कुणी नावावरून काही बोललं तर सगळ्यांआधी तीच हसायची. मानसिंग तिला आक्का म्हणायचा.

बारावी पास होऊन नकोशी दोन वर्षं घरीच होती. इंदापूरला हायस्कूलपर्यंत ठीक होतं, पण त्यापुढं मुलीनं रोज एस्टीनं जाणं तिच्या वडलांना, आबाजींना, पटत नव्हतं. आबाजींना घरात आणि गावात तात्या म्हणत. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. तात्यांनी मेंढरं काढून टाकली, विहीर पाडली आणि उसात आले. माणूस तसा वाईट नव्हता. एकदा नाही म्हटलं की नाही, एवढंच.

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये मानसिंग बारावी पास झाला आणि बारामतीच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घालायचं ठरलं. त्या दिवशी जेवणं झाल्यावर नकोशीनं विषय काढला.

"तात्या, बाहेरनं परीक्षा देता येती. कॉलेजात जायाचं न्हाय. नुसता फारम भरायचा आन परीक्षेला तेवढं जायाचं."

"आन शिकवणार कोण?"

"मान्या जाईल की. त्याचं आन माझं विषय एकच घेऊ. त्यो ऐकंल, मला सांगंल."

तात्यांनी मानसिंगकडं पाहिलं. "सांगशील का रं?"

"सांगंन की. त्यात काय आवघड हाय?" मानसिंग म्हणाला.

आई, बानूबाई, भांडी आवरता आवरता थांबली होती. तात्या बराच वेळ दात कोरत बसले. मग म्हणाले, "एक साल. पास झाली तर पुढचं बघू. न्हाय झाली तर ईल त्या स्थळाला व्हय म्हणायचं. मग माझ्याफुडं पुस्तक धरायचं न्हाय."

"व्हय," नकोशी म्हणाली.

पहिले चार महिने मानसिंगनं शब्द पाळला. सकाळी सहाला भाकरी बांधून तो फाट्यावर यायचा. इंदापूरहून येणारी गाडी कधी थांबायची, कधी हात दाखवूनही निघून जायची. दीड तास उभं राहून बारामती, तिथून चालत कॉलेज. दुपारी परत. नकोशी त्या वेळी गोठ्यात असायची. म्हशीला पेंड कालवून झाली की हात धुऊन ती उंबऱ्यावर बसायची आणि मांडीवर वही घ्यायची.

"हं, सांग. आज काय झालं?"

मानसिंग सांगायचा. भूगोलाचे काळोखे सर त्याला आवडायचे. बुटके, खडूनं बाह्या भरलेल्या, आणि फळ्यावर नकाशा काढायला लागले की वर्गाकडं पाठ करून स्वतःशीच बोलल्यासारखं शिकवायचे. ऑगस्टमध्ये त्यांनी पोरांना नरसिंहपूरला नेलं. देवळात जाऊ दिलं नाही. आधी घाटावर उभं केलं आणि नीरा आणि भीमा कुठं एक होतात, पाण्याचा रंग कुठपर्यंत वेगळा दिसतो, ते दाखवलं. मानसिंगनं घरी येऊन ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. नकोशी लिहिता लिहिता थांबली.

"मला एक कळंना. दोन नद्या एक झाल्या, तर फुडं नाव भीमेचंच का राहिलं? नीरेनं काय घोडं मारलं? कोण ठरवतं ते?"

मानसिंगला उत्तर येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं वर्गात उठून तेच विचारलं. काळोखे सर खडू हातात धरून त्याच्याकडं बघत राहिले. मग अख्खा तास त्यांनी त्याच प्रश्नावर घेतला. लांबी, पाणी, दरीची खोली, आणि शेवटी माणसांची सवय. तास संपल्यावर त्यांनी विचारलं, "हा प्रश्न तुला सुचला?"

"व्हय सर," मानसिंग म्हणाला. का म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळं फिरलं. मानसिंगच्या वर्गात सूरज म्हणून एक पोरगा होता. त्याच्या मामाचं बारामतीत मोटार वाइंडिंगचं, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं, दुकान होतं. सूरज वर्गात क्वचितच दिसायचा, पण कँटीनमध्ये त्याचं म्हणणं सगळे ऐकायचे.

"माझा थोरला भाऊ तीन वर्षांत एका लेक्चरला बसला न्हाय," सूरज म्हणाला. "सेकंड क्लास. गाईड घ्यायचं, मार्चमधी पंधरा दिवस बसायचं. सर तरी काय सांगत्यात? गाईडातलंच सांगत्यात, हळूहळू सांगत्यात एवढंच."

"काळोखे सर तसं न्हाय सांगत."

"मग तेवढ्या एका तासासाठी तू तीन तास एस्टीत घालवतोस व्हय? बाकीचं दोन तास तर व्हतच न्हाईत. मोज की जरा."

मानसिंगनं परतीच्या गाडीत मोजलं. इतिहासाचे सर आठवड्यातून दोनदा येत नव्हते. अर्थशास्त्राच्या बाई पुस्तक वाचून दाखवायच्या. सूरजचं म्हणणं खोडून काढावं असं त्यात काही सापडेना. दुसऱ्या दिवशी तो सूरजबरोबर मामाच्या दुकानात गेला, नुसतं बघायला म्हणून. मामानं त्याच्या हातात जळालेली मोटार दिली आणि म्हणाला, "खोल."

त्या कामात त्याचा जीव रमला. काळी पडलेली तार उलगडायची, वेटोळी मोजायची, नवी तार त्याच मापानं भरायची, वार्निश लावायचं. आणि बटण दाबल्यावर मोटार फिरायला लागली की अंगावर काटा यायचा. वर्गात असं कधी झालं नव्हतं. आधी तो आठवड्यातून एक दिवस जायचा. मग तीन दिवस. डिसेंबर संपायच्या आत कॉलेजचं तोंड बघायचं त्यानं सोडून दिलं. त्याच्यापुरतं ते चुकीचं होतं असं पुढंही कधी कुणी म्हणू शकलं नसतं.

पण संध्याकाळी उंबऱ्यावर वही उघडी असायची.

"हं, सांग."

पहिल्या दिवशी त्यानं सरळ सांगून टाकायचं ठरवलं होतं. गाडीत वाक्यही जुळवलं होतं. पण चुलीपाशी तात्या बसले होते, म्हणून तो म्हणाला, "आज सरांनी हिमनदी घेतली." गाडीत येताना त्यानं सूरजच्या भावाच्या जुन्या गाईडातली दोन पानं वाचली होती, तीच सांगितली. ते फारच कोरडं वाटलं, म्हणून वर जोडलं, "सर सोता गंगोत्रीला गेल्यालं. बरफाला हात लावला तर म्हणं हात चिकाटला."

नकोशीचे डोळे मोठे झाले. "सोता गेल्यालं?" तिनं ते समासात लिहून घेतलं.

पुढं ते त्याच्या अंगवळणी पडलं. येताना गाईड वाचायचं आणि त्यात सरांच्या तोंडचं काहीतरी घालायचं. कधी सर चिडले, कधी सरांनी विनोद केला, कधी पहिल्या बाकावरच्या मेघनाला उत्तर आलं नाही. मेघना खरी होती, वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी. तिला उत्तर आलं नाही असं कधी झालं नव्हतं. पण ते ऐकलं की नकोशी खूश व्हायची आणि म्हणायची, "मला आलं आसतं." म्हणून तो ते मुद्दाम घालायचा.

ती अजूनही प्रश्न विचारायची. तो म्हणायचा, "उद्या सरांना इचारतो," आणि दुसऱ्या दिवशी मनानंच उत्तर द्यायचा. जानेवारीनंतर तिचे प्रश्न कमी झाले. ते का, याचा त्यानं विचार केला नाही.

मार्चच्या शेवटी, परीक्षेला नऊ दिवस राहिले असताना, सूरज दुकानात आला तो तोंड पाडूनच.

"मान्या, घोटाळा झालाय. भूगोलाचा सिलॅबस याच वर्षी बदललाय. हिमनदी आन वाळवंट गेलं. त्याजागी भूजल आन सागरी प्रवाह. बाजारात गाईडच न्हाय. काळोख्यांनी जानेवारीपासनं सगळं वर्गात लिवून दिलं. इतिहासातबी एक युनिट तसंच हाय."

मानसिंगच्या हातातली तार सुटून जमिनीवर गोळा झाली.

दोघं कॉलेजात गेले. मेघनानं वही द्यायला कुरकुर केली नाही. "झेरॉक्स काढून लगेच आणून दे," एवढंच म्हणाली. बावीस पानं होती. सुबक अक्षर, आकृत्या पेन्सिलीनं काढलेल्या. झेरॉक्स काढून मानसिंगनं ती पानं पिशवीत घातली आणि गाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की ही पानं तो आक्काच्या हातात देऊ शकत नाही. अक्षर दुसऱ्याचं. तारखा जानेवारीपासूनच्या. मग गेले तीन महिने त्यानं हिमनदीचं काय सांगितलं?

त्यानं ठरवलं, आपल्या अक्षरात उतरवून काढायचं. म्हणायचं, सरांनी शेवटी शेवटी घाईत घेतलं. दोन दिवस तो गोठ्यामागं बसून उतरवत होता. सहा पानं झाली. तिसऱ्या दिवशी नकोशी वैरणीला तिकडंच आली.

"काय लिवतुयास रं?"

"ट्युटोरियल हाय. द्यायचं राहिल्यालं."

"माझी हिमनदी दोनदा झाली वाचून. तू इचार मला काय बी."

तिचा चेहरा असा उजळलेला होता की मानसिंगनं वही मिटली. आता सांगितलं तर ही घाबरून जाईल, आलेलंही विसरेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. तात्यांना कळलं तर त्याचं कॉलेज आणि दुकान दोन्ही बंद होईल, हा विचार त्यानं मनात नीट उभा राहूही दिला नाही. तरी विचार तिथंच होता. उद्या सांगू म्हणता म्हणता सहा उद्या निघून गेले. मेघनाची पानं त्यानं स्वतः मात्र चार वेळा वाचली.

भूगोलाच्या पेपरला बहीण-भाऊ एकाच गाडीनं गेले. नकोशीनं आईचं ठेवणीतलं हिरवं लुगडं नको म्हणून स्वतःचाच निळा ड्रेस घातला होता, केसांना तेल लावून घट्ट वेणी. भवानीनगरच्या बऱ्याच अलीकडं बसायला जागा मिळाली. तिनं डोळे मिटून हिमनदीचं उत्तर म्हणायला सुरुवात केली. हिमगव्हर, यू आकाराची दरी, लोंबती दरी. एक शब्द चुकला नाही. मानसिंग खिडकीबाहेर बघत होता. बारामती यायला अजून पाऊण तास होता. पाऊण तासात निदान भूजल सांगून झालं असतं. झरे, विहिरी, खडकातली भेग, पाण्याची पातळी. तिला ते कळायला वेळ लागला नसता, तिचा जन्म विहिरीवर गेला होता.

"बरूबर हाय का?" तिनं विचारलं.

"बरूबर हाय," तो म्हणाला.

दोघांच्या खोल्या वेगळ्या होत्या. पेपर सुटल्यावर ती लिंबाखाली उभी होती. हातात पॅड, पॅडला लावलेला पेपर.

"मान्या, ह्ये भूजल आन सागरी प्रवाह कुठनं आलं रं? आपल्यात न्हवतंच."

"बाहेरचं इचारलं. समद्यांनाच आवघड गेलं," मानसिंग म्हणाला. मग "चहा आणतो" म्हणून तो कँटीनकडं गेला आणि तिथं मुद्दाम वेळ काढला. परत आला तेव्हा ती लिंबाखाली नव्हती. पाण्याच्या टाकीजवळून येताना दिसली. चहा घेतला नाही. परतीच्या गाडीत ती एक शब्द बोलली नाही. पेपर अवघड गेला म्हणून, असं त्याला वाटलं आणि मनातल्या मनात बरंही वाटलं, कारण तिनं आणखी काही विचारलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. मानसिंग थर्ड क्लासमध्ये पास झाला. नकोशीचे दोन विषय गेले, भूगोल आणि इतिहास. दोन विषय पुन्हा देता आले असते. बानूबाईनं तसं सुचवूनही पाहिलं, "पोरगी बाकीच्यात मान्यापरीस जास्त हाय, बघा तरी." पण तात्यांनी ठरलेलं बोलून दाखवलं आणि नकोशीनं त्यावर तोंड उघडलं नाही. मानसिंग तिथंच बसला होता. एका वाक्याचं काम होतं. तो उठून गोठ्यात गेला.

दिवाळीनंतर बावड्याचं स्थळ आलं आणि लग्न झालं. माणसं चांगली होती, जमीन बागायती होती. वाटे लावताना नकोशी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. मानसिंगच्या डोक्यावरून तिनं नुसता हात फिरवला.

दुसऱ्या वर्षाला मानसिंगनं कॉलेज सोडलं. तात्यांनी फार खळखळ केली नाही, कारण तोवर त्याच्या हाताला चांगलं काम यायला लागलं होतं. सत्त्याण्णवला त्यानं इंदापुरात एस्टी स्टँडच्या मागं स्वतःचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक चांगलं जमलं. दुकानात कॉलेजची पोरं मोटारी घेऊन यायची, बोलता बोलता लेक्चरला बसावं का नाही यावर वाद घालायची आणि त्यालाही विचारायची. तो पाना फिरवत राहायचा. त्याचं त्याला काही अडलं नव्हतं, हे खरं होतं. पण ते बोलायला त्याची जीभ रेटत नव्हती.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात नकोशीच्या सासरची मोटार जळाली. दाजींनी ती दुकानात आणून टाकली. भरून झाल्यावर बसवायला मानसिंग स्वतः बावड्याला गेला. दाजी फ्यूज आणायला गावात गेले होते. विहिरीवर नकोशी एकटीच होती, कमरेला पदर खोचून पाइपाला सुतळी गुंडाळत होती. मोटार बसवता बसवता, तिच्याकडं न बघता, मानसिंगनं सांगायला सुरुवात केली. दिवाळीपासूनचं सगळं. दुकान, गाईड, मेघनाची बावीस पानं. शेवटी तो म्हणाला, "आक्का, मला म्हाईत व्हतं. नऊ दिस आधी म्हाईत व्हतं."

नकोशीनं सुतळीची गाठ दातानं आवळली.

"नऊ दिसांचं मला ठावं नव्हतं," ती म्हणाली. "बाकीचं ठावं हाय."

मानसिंगनं वर पाहिलं.

"त्या दिशी तू चहाला गेलास तवा टाकीपाशी काळोखे सर व्हते. मी तुझ्या सांगण्यावरनं वळखलं त्यास्नी. म्हणलं, सर, गंगोत्रीला तुमचा हात बरफाला चिकाटला व्हता, तवा सुटला कसा? सर हसले. म्हणले, बाई, मी पुण्याच्या पलीकडं गेलेलो नाही. मग इचारलं, तू कुणाची कोण? तुझं नाव सांगितलं. सर म्हणले, तो दिवाळीनंतर यायचाच बंद झाला. पहिल्या टर्मला नद्यांच्या नावाचा प्रश्न विचारला होता त्यानं. तसा प्रश्न वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी वाट बघत होतो त्याची."

"तू सांगितलं न्हाईस? तुझा प्रश्न व्हता म्हणून?"

"काय सांगू? तिथं?"

काम सोडून दोघं विहिरीच्या काठावर बसले. खाली पाणी हिरवंगार आणि खोल होतं.

"तात्यास्नी का न्हाय सांगितलंस गं?"

"सांगितलं आसतं तर तुझं बंद झालं आसतं. वाटलं, माझं तर बुडालं, तू तरी लाजंखातर बसशील लेक्चरला. त्येबी सोडलंस." तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं पायाजवळचा एक खडा उचलला आणि तसाच हातात धरला. "तुला नव्हतं बसायचं तर नव्हतं बसायचं. समद्यांस्नी आवडलंच पायजे आसं कुठं हाय? पर मला सांगायचं व्हतंस. मी तात्यांच्या पाया पडले आसते. आठ दिसातनं एकदा तर सोडलंच आसतं की मला. तुझा बाक रिकामाच व्हता. मी बसले आसते त्यावर."

मानसिंगनं हाताचं ग्रीस फडक्याला पुसलं. मग तो म्हणाला, "आता मुक्त विद्यापीठाचं फारम मिळत्यात इंदापुरात. घरबसल्या हाय. मी आणतो. समदं मी बघतो."

"नको."

"आक्का, आता तरी..."

"नको म्हणलं ना. दोन पोरं हायती, जनावरं हायती. आन आता डोक्यात न्हाय राहत." ती उठली. "तवा राहत व्हतं."

दाजी फ्यूज घेऊन आले. मानसिंगनं जोडणी केली, बटण दाबलं आणि मोटारीनं पाणी उचललं. दाजींनी "वा, मेव्हणे" म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली. नकोशी खोरं घेऊन सरीतलं पाणी वळवायला, बारं द्यायला, उसात गेली. दुपारी जेवायला बसल्यावर तिनं त्याच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी वाढली. त्यानं ती कशीबशी संपवली आणि चारच्या गाडीनं तो इंदापूरला निघाला.